मास्टर्स करायचंय, पण संहितेतल्या नाटकाचं नाही, परफॉर्मन्स मेकिंगचं. बाहेर जाऊ की इथंच?

सतारगल्ली

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

मी मिरजेची. वय २६, बीएस्सी केमिस्ट्री, सध्या तासगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजात पाच वर्षं एकांकिका केल्या, अभिनय केला, दोन बसवल्या पण. आमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथंच सुरुवात केली, त्यामुळे घरात नाटक करण्याला विरोध असा कधीच नव्हता.

गेल्या वर्षी मी एक काम केलं. आमच्या शेजारी एक चाचा आहेत, तीन पिढ्यांपासून सतार-तानपुरे बनवतात. त्यांच्याच दुकानात २५ माणसं सतरंजीवर बसवली आणि ५० मिनिटं चाचा तानपुऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडीवर, तारांखालच्या पट्टीवर, कानस मारायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. मधेमधे मी माझ्या आज्जीबद्दल बोलते, तिला हळूहळू ऐकू येईनासं झालं त्याबद्दल, आधी कुकरची शिट्टी गेली मग अजान गेली मग आमचे आवाज गेले असं. चाचा पण बोलतात, पण दर वेळी वेगळं. शेवटी तानपुरा लागतो आणि आम्ही गप्प बसतो. बस एवढंच. ६ प्रयोग केले आणि माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात खरं काम तेच आहे असं मला वाटतं.

मग ते एका स्पर्धेला द्यायचं ठरवलं तर त्यांनी संहिता मागितली, परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता आधी तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाचं, सर्टिफिकेट मागितलं. मी सात पानं लिहिली पण त्यात चाचांचं काय लिहू, ते तर ठरवून बोलतच नाहीत. आणि आधी एका जाणकारांना दाखवलेलं तेव्हा ते म्हणाले की छान आहे पण यात नाटक कुठंय. तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मला त्याचं उत्तर शिकायचंय, खरंच शिकायचंय.

म्हणून अर्ज केले आणि लंडनच्या एका युनिव्हर्सिटीतून परफॉर्मन्स मेकिंगच्या, म्हणजे तयार संहिता न घेता स्वतःच प्रयोग उभा करायला शिकायच्या, एक वर्षाच्या एमएची ऑफर आली. फी साधारण २१ हजार पाउंड, म्हणजे २४ लाखांच्या आसपास, राहणं-खाणं वेगळं. माझ्याकडे ४ लाख आहेत. पप्पा म्हणतात घर तारण ठेवू. मला रात्री झोप लागत नाही.

प्रश्न असे की, असलं काम शिकायला एवढ्या लांब जावं लागतं का, आपल्याकडे कुठे होतं का? आणि दुसरं, मी विचार मराठीत करते, बोलते मिरजेचं मराठी, तिथं जाऊन इंग्लिशमधे काम करताना हे सगळं पातळ होईल का?

---

तिसरीघंटा

तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी पुण्यात ३० वर्षं प्रकाशयोजना करतोय, शिकवत नाही, त्यामुळे माझं मत लाइट्सच्या केबिनमधून बघणाऱ्या माणसाचं समज.

यात नाटक कुठंय हा प्रश्न तुलाच पहिल्यांदा विचारला गेला असं समजू नकोस. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेनं जे सुरू केलं तिथं शाळेचा हॉल होता, रंगमंच असा नव्हताच, प्रेक्षक हाताच्या अंतरावर, आणि तिथं रोज कुणीतरी हाच प्रश्न विचारत होतं. त्याच वर्षी पुण्यात थिएटर अकॅडमी या संस्थेचं महानिर्वाण हे नाटक आलं, त्यात मेलेला माणूस उठून कीर्तन करतो, तेव्हाही लोकांनी विचारलंच असणार. आणि तू केमिस्ट्रीवाली आहेस म्हणून सांगतो, ते लिहिणारे सतीश आळेकर बीजे मेडिकलला बायोकेमिस्ट होते, नोकरी करत करत त्यांनी हे सगळं केलं आणि नंतर १९९६ ते २००९ पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते. म्हणजे शाळेतली नोकरी सोडल्याशिवाय काही होत नाही असं नाही.

तुझ्या कामाच्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे सुषमा देशपांडे. तमाशातल्या, लावणीतल्या बायकांशी बोलून, त्यांचं आयुष्य समजून घेऊन, त्यातनं एकटीनं उभं केलेलं नाटक. आज ज्याला रिसर्च-बेस्ड परफॉर्मन्स म्हणतात ते आपल्याकडे त्या बाईंनी कुठलंही नाव न देता केलंय. ते मिळेल तिथं बघ, वाच.

इथले पर्याय म्हणशील तर पुण्यात ललित कला केंद्र गुरुकुल आहे, १९८७ पासून, तिथं एमए होतं. मुंबईत कालिन्याला अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, २००३ पासून, दोन वर्षांचं मास्टर ऑफ थिएटर आर्ट्स. दोन्हीकडे भर अभिनय, दिग्दर्शन, नाटकाची रचना यावर, म्हणजे पाया पक्का होतो, पण तुझं जवारीचं काम तिथल्या चौकटीत बसवायला तुला थोडं भांडावं लागेल. भांडणं वाईट नाही, भांडायला समोर कुणीतरी मराठी समजणारं असणं ही पण मोठी गोष्ट आहे.

परिनिरीक्षणाचं म्हणशील तर ती अडचण तुझ्या एकटीची नाही. आधी लिहून दाखवा मग करा, हा नियम तालमीत उभ्या राहणाऱ्या, दर प्रयोगाला बदलणाऱ्या कामाला सगळ्यात जास्त नडतो. अमोल पालेकरांनी २०१६ ला याच पूर्वपरिनिरीक्षणाविरुद्ध हायकोर्टात याचिका केली होती. तेव्हा संहिता देता आली नाही म्हणजे तुझं काम अर्धवट आहे असं मनात आणू नकोस.

घर मात्र तारण ठेवू नकोस गं. एवढंच.

---

पावसाळी_तालीम

मी हे करून आलेय, २०१८-१९ ला, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात, युनिव्हर्सिटीचं नाव देत नाही कारण काही गोष्टी तक्रारीच्या आहेत. मूळ नाशिकची, आता परत नाशिकलाच. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, भाषेच्या, कारण त्याबद्दल जायच्या आधी मला कुणीच सांगितलं नव्हतं.

वर्गात आम्ही १४ जण, तैवान, ब्राझील, ग्रीस, दोन इंग्लिश, भारतातली मी एकटी. संहिता नावाचा प्रकारच नाही. पहिल्या आठवड्यातला टास्क असा होता की राहत्या खोलीपासून इथपर्यंत चालत या आणि उद्या पाच मिनिटात तो रस्ता आम्हाला दाखवा. मी इंग्लिशमधे केलं आणि ते इतकं कोरडं झालं की मला स्वतःलाच कंटाळा आला. मग शिकवणाऱ्या म्हणाल्या की तू तुझ्या भाषेत कर, आम्हाला नाही समजलं तरी चालेल. मी केलं. आणि सगळे एकदम भारावले, किती सुंदर आवाज, किती लय वगैरे.

तेव्हा मला फार बरं वाटलं. पण पुढचे दोन महिने मी काहीही मराठीत बोलले तरी सुंदरच होतं. मी मुद्दाम एकदा किराणा मालाची यादी म्हटली, साबुदाणा, हिंग, पापडखार, आणि तेही सुंदर होतं. म्हणजे माझं वाक्य कच्चं आहे, इथं शब्द चुकलाय, हे खोटं वाटतंय, असं सांगणारा एकही कान त्या खोलीत नव्हता. मराठी बोलायची परवानगी होती, पण तिथं ती भाषा राहिली नव्हती, नुसता नाद झाली होती. तू विचारलंस ना पातळ होईल का, तर इंग्लिशमधे केलंस तर होईलच, पण मराठीत केलंस तरी होऊ शकतं, आणि त्या वेळी टाळ्या वाजत असतात म्हणून लक्षात येत नाही.

नाट्य-अभ्यासक रुस्तम भरूचांनी ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या १९८५ च्या महाभारत या नाटकावर जी टीका केली ती मला तिथं असताना पहिल्यांदा पोटातून समजली. गोष्ट तिच्या माणसांपासून, तिच्या संदर्भापासून उचलली की बघणाऱ्याला ती अजून सुंदर दिसते पण तिला जाब विचारणारं कुणी उरत नाही. हे मी स्वतःच स्वतःशी करत होते.

मग मी दोन गोष्टी केल्या. नाशिकच्या माझ्या मैत्रिणीला दर रविवारी रेकॉर्डिंग पाठवायला लागले, ती नाटकवाली नाही, एलआयसीत आहे, पण तिचा कान तिखट आहे. ती सांगायची की हे वाक्य तू वापरणार नाहीस, हे पुस्तकी आहे. आणि दुसरं, मी वर्गात मराठीचा अर्थ लपवणं बंद केलं. भाषांतर स्क्रीनवर टाकायचं नाही, तर एका ग्रीक मुलीला माझ्याशेजारी उभं केलं आणि ती मला विचारत राहायची, म्हणजे काय, म्हणजे काय, आणि मला तिला समजवावं लागायचं, चालू प्रयोगात. ते समजवणं हेच शेवटी माझं फायनल काम झालं. २० मिनिटांचं आणि सोबत ५ हजार शब्दांचा निबंध की हे असं का केलं, कुणाच्या कामाशी त्याचं नातं आहे. तो निबंध लिहिताना मला माझं काम पहिल्यांदा नीट दिसलं, हे मनापासून सांगते.

मिळालं काय? टेक्निक म्हणशील तर फार नाही, त्यातलं बरंचसं इथं शिबिरांत मिळतं. मिळाली ती वेळ, म्हणजे रोज सकाळी ९ ला उघडणारी रिकामी खोली जिथं निकाल लागायची भीती नाही. आणि कामावर बोलायची पद्धत. लिझ लर्मन या अमेरिकन कोरिओग्राफरनं १९९० च्या सुमारास एक पद्धत बसवली, चार पायऱ्यांची. काम बघून झालं की आधी बघणाऱ्यांनी फक्त काय लक्षात राहिलं, काय पोचलं ते सांगायचं. मग काम करणाऱ्यानं आपल्याला अडलेले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे पण त्यात मत दडवायचं नाही, म्हणजे एवढं लांब का केलं असं नाही तर लांबी कशी ठरवली असं. आणि मत अगदी शेवटी, तेही आधी परवानगी मागून. आपल्याकडे प्रयोग संपल्यावर विंगेत येऊन लोक "छान झालं, पण..." असं जे सुरू करतात, त्या "पण"नंतर माणूस आठवडाभर उठत नाही. आता नाशिकला आमच्या ग्रुपमधे आम्ही हीच पद्धत वापरतो, महिन्यातून एकदा, एका क्लासच्या गच्चीवर.

यात नाटक कुठंय असं तुला कुणी म्हटलं तर ते या पद्धतीत शेवटच्या पायरीवर आलं असतं. त्याआधी त्यांना सांगावं लागलं असतं की त्यांना कानशीचा आवाज आठवतोय की आज्जीचा कुकर. मला तर पोस्ट वाचल्यापासून कुकरच ऐकू येतोय.

पैशाचं सांगते. मी १८ लाखांचं कर्ज काढलं, काकांचा फ्लॅट तारण. महिन्याला २४ हजार जातात, अजून ४ वर्षं जातील. मी शाळांमधे नाट्यशिक्षण घेते त्यातनं भागवते, पण गेल्या पाच वर्षांत स्वतःचं नवीन काम मी एकच केलंय, कारण हप्त्याची तारीख येते. जे शिकले ते करायला वेळच नाही ही गोष्ट मला फार लागते. म्हणून स्कॉलरशिप असेल तरच जा. चेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे, शाळेचा पण धरतात, आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं, तुला तर यायचंच आहे. तिशीच्या आतल्यांसाठी इनलॅक्सची स्कॉलरशिप पण आहे. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कलावाल्यांना मदत करतो पण त्यांचे पैसे बहुतेक वेळा हातभार लावण्याइतके असतात, पूर्ण खर्च निघेल असं धरून चालू नकोस. आणि फीच्या वरचे खर्च विसरू नकोस, एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, सरचार्जच वर्षाला ७७६ पाउंड, शिवाय ९ महिन्यांच्या राहण्याचे पैसे २८ दिवस खात्यात दाखवायला लागतात.

ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येते का ते आजच मेल करून विचार. बऱ्याच ठिकाणी येते.

---

लाह्नकाठचा

इंग्लंडशिवाय पण जग आहे म्हणून लिहितोय. मी स्वतः नाटकवाला नाही, फ्रांकफुर्टला आयटीत आहे, मूळ चिपळूणचा, पण गेली ७ वर्षं इथलं प्रायोगिक काम वेड्यासारखं बघतोय.

इथून रेल्वेनं तासाभराच्या आत गीसन नावाचं गाव आहे, लाह्न नदीवर, बघायला काही विशेष नाही. पण तिथल्या युनिव्हर्सिटीत १९८२ ला आंद्झेई विर्ट यांनी उपयोजित नाट्यविद्येची इन्स्टिट्यूट काढली. विचार आणि काम एकाच छताखाली, म्हणजे सकाळी तत्त्वज्ञान वाचायचं आणि दुपारी स्वतः उभं करायचं, नट तयार करणं हा उद्देशच नाही. पोस्टड्रामॅटिक, म्हणजे संहिता केंद्रस्थानी नसलेलं नाटक, हा शब्द ज्यांच्यामुळे सगळीकडे गेला ते हान्स-थीस लेमान सुरुवातीला तिथंच होते. रिमिनी प्रोटोकॉल या नाट्यगटाचे तिघंही तिथलेच विद्यार्थी.

आणि रिमिनी प्रोटोकॉलमुळेच मला तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. ते लोक नट घेत नाहीत, खऱ्या आयुष्यात ते काम करणारी माणसं घेतात, रोजच्या जगण्यातले तज्ज्ञ म्हणतात त्यांना. २००५ ला त्यांनी कॉल कटा केलं. बर्लिनमधे प्रेक्षकाच्या हातात मोबाइल द्यायचा, आणि कोलकात्याच्या कॉल सेंटरमधला माणूस त्याला फोनवरून बर्लिनच्या रस्त्यांतून फिरवायचा, स्वतः कधी बर्लिन न बघता. एक प्रेक्षक, एक आवाज. तुझे चाचा म्हणजे तेच, रोजच्या जगण्यातला तज्ज्ञ. फरक एवढाच की तू शेजारच्या माणसाबरोबर केलंस, तुझं त्यांच्याशी आयुष्यभराचं नातं आहे, आणि मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

खर्चाचं म्हणजे गीसन ज्या हेसन राज्यात आहे तिथं सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची वर्गणी भरायची, त्यात प्रवासाचा पास येतो. (बाडेन-व्युर्टेम्बर्गमधे मात्र बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, तेव्हा राज्य बघून अर्ज करा.) व्हिसाला ब्लॉक अकाउंटमधे वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते आपलेच असतात, दर महिन्याला थोडेथोडे परत मिळतात. म्हणजे वर्षाला लंडनच्या निम्म्याहून कमीत होतं. पण अडचण मोठी आहे, जर्मन. शिकवणं मुख्यतः जर्मनमधून, आणि लेमान वगैरे वाचायला लागणारं जर्मन दीड-दोन वर्षं नेटानं शिकल्याशिवाय येत नाही. जर्मन शिकायला पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, मिरजेहून ऑनलाइन पण करता येईल. वाट लांबची आहे, पण घर तारण ठेवायला नको.

---

रंगपीठ

मी कोल्हापूरचा, त्रिशूरच्या स्कूल ऑफ ड्रामात होतो. १९७७ पासूनची संस्था, कालिकत युनिव्हर्सिटीची. थोडक्यात लिहितो.

मल्याळम येत नव्हतं, पहिले सहा महिने अंगानंच बोलत होतो. वर ताईंनी लिहिलंय त्याच्या अगदी उलटं माझं झालं, माझी भाषा कुणाला सुंदर वाटली नाही, कुणी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, त्यामुळे वस्तूंकडे बघायला शिकलो. माती, दोर, लाकूड, आग. दिग्दर्शक दीपन शिवरामन पण तिथलेच, त्यांची कामं बघशील तर कळेल की वस्तू आणि जागा मिळून नाटक कसं होतं. तुझी कानस आणि घोडी त्याच जातीच्या आहेत.

एक सल्ला, युनिव्हर्सिटीच्या आधी इट्फॉक गाठ. केरळ संगीत नाटक अकादमीचा आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव, २००८ पासून त्रिशूरला होतो, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. तिकिटं परवडतात, रेल्वेनं जाता येतं, आठवडाभरात लॅटिन अमेरिका, आफ्रिका, पॅलेस्टाइन कुठकुठलं काम एका जागी बघायला मिळतं. शाळेला रजा टाक.

आणि यादीत दिल्लीची एनएसडी, नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, आहे का? तिथं तीन वर्षं, स्टायपेंड मिळतो, पैशाचा प्रश्न सुटतो, पण तू जे करतेस त्यासाठी तीन वर्षं दिल्लीत अभिनय-दिग्दर्शनाचा सगळा डोंगर चढायची तयारी हवी. जेएनयूत आर्ट्स अँड अ‍ॅस्थेटिक्सचं एमए आहे, तिथं नाटक, सिनेमा, चित्रकला तिन्हीचा विचार शिकतात, फी अगदी कमी, पण तो अभ्यास आहे, तालीम नाही. तुला जवारीच्या कामावर नीट विचार करायला, लिहायला शिकायचं असेल तर मी तेच म्हणेन. काम तर तू करतेच आहेस.

---

सतारगल्ली

सगळ्यांना काय बोलू. पप्पांना हे सगळं वाचून दाखवलं, घराचा विषय बंद झाला, त्यांनाच जास्त हलकं वाटलेलं दिसतंय.

युनिव्हर्सिटीला मेल केला, एक वर्ष पुढे ढकलता येतं म्हणाले पण फी वाढली तर नवीन फी. चेवनिंगचा फॉर्म या खेपेला भरणार. जेएनयूचं पण बघतेय, ते डोक्यात नव्हतंच.

पावसाळी_तालीम ताई, किराणा यादीचं वाचून मी खूप वेळ बसून राहिले. माझ्या बाबतीत उलटं पण झालंय का असं वाटलं, म्हणजे मिरजेत सगळ्यांना सतार माहिती, २०२४ ला जीआय टॅग मिळाला तेव्हा तर पेपरात रोज फोटो, त्यामुळे इथले लोक चाचा दिसले की आधीच हळवे होतात. त्यांनी आज्जीचं ऐकलं का नुसतं सतारीचं कौतुक केलं हे मला माहितीच नाही. विचारलंच नाही कधी.

---

पावसाळी_तालीम

हे विचार, अगदी विचार. बघायला आलेल्यांपैकी १० जण तरी परत भेटतील ना? त्यांना फोन कर आणि एवढंच विचार की काय आठवतंय. मत विचारू नकोस. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात वहीत उतरव, स्कॉलरशिपच्या निबंधात तुला याच्याइतकं चांगलं काही मिळणार नाही.

आणि प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे का? एका जागी ठेवलेला कॅमेरा, न कापता सलग, आवाज वेगळ्या माइकवर. पोर्टफोलिओसाठी कट करून संगीत घातलेला ट्रेलर करू नकोस, निवड करणारे लोक सलग दहा मिनिटं बघायला मागतात.

---

तिसरीघंटा

दुकानात ट्यूबलाइट असेल तर ती बंद कर, कॅमेऱ्यात लुकलुकते आणि माइकवर चोकची घुंघुं येते. तुझ्या कामात तर आवाजच सगळं आहे. चाचांच्या हातावर एक पिवळा बल्ब, कानशीच्या जरा पुढे, म्हणजे लाकडाचा भुगा उडताना दिसेल. पुण्याहून येणं शक्य आहे मला, पुढच्या रविवारी मोकळा आहे.

---

सतारगल्ली

दादा खरंच याल? चाचांना विचारलं, ते म्हणाले रविवारी सकाळी करू, दुपारी समोरच्या गॅरेजचा कंप्रेसर चालू होतो. एक तानपुरा त्यांनी मुद्दाम जवारी न लावता ठेवलाय.

आणि चार जणांना फोन झाले. तिघांना तानपुऱ्याचा आवाज आठवतोय. एक काकू म्हणाल्या की तुझ्या आज्जीला अजान ऐकू यायची बंद झाली तेव्हा तिला कळलं कसं गं, वेळ झाली ते?

मला माहिती नाही. आज घरी जाऊन आईला विचारणार आहे.